बस्ता वरच्या मजल्यावर

माझं पोट दुखतंय असं कुणी म्हणायच्या आधी मीच सांगते, व्हय, दुखतंय. पोरगी वाढवली म्या, आणि तिच्या लग्नाच्या बस्त्याला गादीवर जाऊन बसली राजेश्वरी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी तुळजा. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात पिठाची गिरणी चालवते. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले. आधी हातांवर सरकत होते, आता चाकाच्या खुर्चीवर फिरते. गिरणीच्या घरघरीवर बोलायची सवय, म्हणून आवाज मोठा हाय. लोक म्हणतात आवाज न्हाय, तोंडच मोठं हाय. म्हणू द्या, त्यांचं दळण मात्र माझ्याकडंच येतं.

धाकटा भाऊ बलभीम शेती बघतो. त्याची पहिली बायको गेली तवा वैष्णवी पाळण्यात होती. दूध, घुटी, गोवर, शाळेच्या वेण्या, सगळं म्या केलं. गिरणीच्या कट्ट्यावर माझ्या मांडीत ती इतकी झोपलीया की पट्टा थांबला की जागी व्हायची. मग ती शाळेत जायला लागल्यावर बलभीमनं दुसरं लग्न केलं आणि राजेश्वरी आली. आयत्या बिळावर नागोबा.

बोलायला गरीब. खाली मुंडी, पाताळ धुंडी. कवा उलटून बोलली न्हाय, कवा भांडली न्हाय. आता जी बाई भांडतच न्हाय तिच्यासंगं माणसानं करावं तरी काय? पोरगी तिला आधी मावशी म्हणायची. एक दिवस गिरणी चालू असताना, एवढ्या आवाजात, मला अंगणातनं बराबर ऐकू आलं, "आई, भाकरी वाढ की." त्या दिवशी म्या एका गिऱ्हाईक बाईच्या गव्हावर ज्वारी ओतली, आणि ती बाई अजून मला त्यावरून बोलते.

तर पोरीचं ठरलं. मुलगा ढोकीचा, साखर कारखान्यात कामाला. बस्ता धाराशिवला बांधायचा ठरला. दोन्हीकडची मंडळी दुकानात गादीवर बसणार, दुकानदार चहा पाजणार, लग्नाचं सगळं कापड एका बैठकीत घेणार. आमच्या घरात एक रीत हाय. बस्त्यातलं पहिलं लुगडं तुळजापूरच्या देवीचं. ते घरातल्या थोरल्या लेकीनं निवडायचं. त्याला हळदी-कुंकू लागल्याबिगर नवरीच्या शालूची घडी मोडायची न्हाय. थोरली लेक मी. माझं नावच देवीवरनं ठेवलंय. त्यामुळं माझ्यावाचून बस्ता सुटणार न्हाय हे मला ठाऊक होतं, आणि पोरीचा शालू बी मीच निवडणार हे तर विचारायचंच काम नव्हतं. मनात रंग ठरला होता, डाळिंबी. लेकरू असल्यापासनं तिला डाळिंबी शोभतो.

दुकान सिद्रामप्पांचं, असं बलभीमनं सांगितलं. ते म्हाईत होतं मला. रस्त्याला लागून, एक उंबरा, की आत गादी. म्या फिकीर केली न्हाय. जीपमधनं उतरून बघते तर जुनं दुकान पाडून नवीन इमारत उभी. काचेचं दार, थंडगार हवा. खाली गल्ला आणि पुरुषांचं शर्टिंग-सूटिंग. साड्या आणि बस्त्याची गादी वरच्या मजल्यावर. मधी चकचकीत फरशीच्या पायऱ्या, अशा उभ्या की धडधाकट बायांनी बी कठडा धरला.

"हे दुकान कुणी ठरवलं?" म्या विचारलं.

बलभीमनं आभाळाकडं बघितलं. राजेश्वरीनं पदर सावरला. वैष्णवी फोनमधी डोकं घालून. मला काय कळायचं ते कळलं. हिनंच ठरवलं. तोंडानं गरीब, पण जागा बराबर शोधली, जिथं वन्सं चढणार न्हाईत.

सिद्रामप्पांचा मुलगा सोमेश पुढं आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. "मावशी, तुम्ही आरामात खाली बसा. माल खाली पाठवतो. व्हिडिओ कॉल बी लावून देतो."

"मला माल नको, गादी पाहिजे," म्या म्हटलं. "दिव्यांगांसाठी कायदा हाय. गिऱ्हाइकाला दुकान उघडलंस तर मला बी आत जाता आलं पाहिजे."

"कायदा हाय, मी न्हाय कुठं म्हणतोय? पण लिफ्टचं पुढच्या टप्प्यात धरलंय. पोरं उचलून नेतील की तुम्हाला. काय जड न्हाय तुम्ही."

त्याचे कामगार बाह्या सारून आले बी. म्या चाकांवर हात घट्ट धरले. एकदा उचललं होतं मला, बलभीमच्या ह्याच दुसऱ्या लग्नात, स्टेजवर न्यायला. पदर कुठं, पाय कुठं, आणि नेमका तवाच फोटोवाल्यानं फोटो काढला. तो फोटो अजून घरात हाय. त्यात राजेश्वरी नवरी दिसते आणि मी पोतं. म्या सोमेशला सांगितलं, "माझं वजन म्या विचारलं न्हाय. हात लावू नका."

तेवढ्यात मागच्या बाजूला खडखड झाली. बघते तर लोखंडी पाळण्यातनं साड्यांचे गठ्ठे वर चाललेत. बटण दाबलं की वर.

"ते काय हाय?"

"मालाचा पाळणा, मावशी. त्यात माणूस बसवता येत न्हाय, धोका असतो."

"म्हणजे कापडानं वर कसं जायचं ह्याचा इचार दुकान बांधतानाच केलास," म्या म्हटलं. "आणि माणसाचा पुढच्या टप्प्यात."

सोमेश हसला. त्याला वाटलं बाई बोलून बोलून थकंल. ढोकीची मंडळी चुळबुळ करायला लागली. विहीणबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. बलभीम माझ्या कानाशी वाकला. "अक्का, जाऊ दे की. पाव्हण्यांसमोर कशाला? फोनवर दिसतंय सगळं."

"तुझं लग्न फोनवर लावलं असतं तर चाललं असतं का तुला?"

त्यानं मान खाजवली. पण गेला. सगळे गेले. चपला पायऱ्यांच्या बुडाशी काढल्या आणि एकामागं एक वर. राजेश्वरी सगळ्यात मागं होती. पहिल्या पायरीवर थांबून म्हणाली, "वन्सं, मी थांबू का तुमच्यापाशी?"

"नको. तू जा. मिरव."

ती गेली. थांबली असती तर बी मला राग आला असता, ते वेगळं.

मला पंख्याखाली बसवलं. पंखा होता पायऱ्यांच्या बुडाशी, चपलांच्या ढिगाशेजारी. वरनं हसण्याचा आवाज येत होता, कपबश्या वाजत होत्या. माझा चहा कागदी कपात आला. समोर फोन उभा करून ठेवला होता. त्यात आधी छत दिसलं, मग कुणाचा तरी कान, मग गादी दिसली. पांढरीशुभ्र, लोड लावलेली. मधोमध राजेश्वरी. माझ्या जागेवर. तिच्या एका बाजूला विहीणबाई, दुसऱ्या बाजूला माझी वैष्णवी. आणि राजेश्वरी हसत होती. आमच्या घरात एवढी वर्षं झाली, ही बाई दात दाखवून हसलेली मला आठवत न्हाय. वर गेल्याबरोबर हिला हसू फुटलं.

मेली, मनात आलं माझ्या. खोटं कशाला बोलू.

ईरण्णा म्हणून एक विक्रेता खाली आला, देवीच्या लुगड्यांचा गठ्ठा घेऊन. हिरवी, लाल, पिवळी, काठाची. त्यानं तो गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. "निवडा बाई. वर मंडळी खोळंबलीत."

म्या एक हिरवं उलगडायला घेतलं. पाय पसरता येत न्हाईत, मांडी घालता येत न्हाय, एवढा गठ्ठा राहणार कुठं? एक सरकलं, त्यामागं दुसरं. ईरण्णा धरीपर्यंत देवीचं हिरवं लुगडं जाऊन पडलं चपलांवर. लालभडक काठ कुणाच्या तरी चिखलाच्या बुटात.

आणि त्याच घडीला फोनमधी काय दिसावं? राजेश्वरी वैष्णवीच्या खांद्यावर शालू टाकतीया. मोरपंखी. दुसऱ्या हातानं पोरीची हनुवटी वर करून बघतीया. देवीचं लुगडं चपलांत, आणि वर शालूची घडी मोडली.

मग माझा गिरणीचा आवाज सुटला.

"थांबवा," म्या म्हटलं. "वरच्यांनो, हात काढा त्या शालूवरनं. देवीचं लुगडं अजून चपलांत पडलंय."

वरचं हसणं बंद झालं. शर्टाचं कापड बघणारी दोन माणसं वळून बघायला लागली. सोमेश पळत आला. "मावशी, दुसरं देतो की. तसलीच दहा हायत."

"दुसरं बी इथंच निवडायचं ना? इथंच, चपलांशेजारी? तुझ्या आईला नेशील का असलं लुगडं? मग देवीला कसं न्यायचं?"

कोपऱ्यातल्या खुर्चीतनं एक म्हातारा उठला. पांढरं धोतर, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. सिद्रामप्पा. इतका वेळ गल्ल्याशेजारी बसून ते सगळं ऐकत होते आणि पोराच्या कारभारात पडत नव्हते. आता हळूहळू आले, वाकले, चपलांतनं लुगडं उचललं. त्यावरची माती हातानं झटकली आणि लुगडं कपाळाला लावलं.

"सोमेश," ते म्हणाले, "गिऱ्हाईक गादीवर बसल्याबिगर म्या उभ्या जन्मात लुगडं दाखवलं न्हाय. तुला दुकान बांधून दिलं, आणि तू देवीचं लुगडं पायताणात आणलंस."

"अप्पा, मुद्दाम केलं का? लिफ्ट करणारच हाय आपण."

"ते तू बाईला सांग, कवा करतोस ते. आत्ता गादी खाली आण."

"खाली जागा कुठं हाय? शर्टिंगचं काउंटर..."

"सरकव."

कायदा म्या सांगितला तवा पोरगं हसलं. बापानं सरकव म्हटलं की काउंटर सरकलं. असू दे. मी जिंकले होते. कामगार वरनं गादी, लोड, चादरी घेऊन खाली यायला लागले. विहीणबाईंचं तोंड वाकडं झालं असंल, ते वर होतं म्हणून दिसलं न्हाय. मला मात्र आत गुदगुल्या होत होत्या. आता बसते मधोमध. आता बघते मोरपंखी कसा घेतात ते.

सगळ्यांच्या आधी वैष्णवी खाली आली. अनवाणी. माझ्या खुर्चीपाशी बसली, शेवटच्या पायरीवर.

"आत्या, आईला काय बोलू नको."

"का? तिनं दुकान शोधावं आणि म्या गप बसावं?"

"तिनं न्हाय शोधलं. म्या सांगितलं हे दुकान. तिला पायऱ्यांचं म्हाईत बी नव्हतं. मी मैत्रिणीच्या बस्त्याला आले होते इथं."

मला वाटलं पंख्याच्या आवाजात काहीतरी चुकीचं ऐकलं. पण गिरणीत जन्म गेलेल्या बाईला पंख्यानं काय ऐकू येत न्हाय असं होत न्हाय.

"तुला पायऱ्या म्हाईत होत्या?"

"व्हय."

"मग?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आत्या, घरात पडदे तू निवडतीस. भाजी तू ठरवतीस. माझा कॉलेजचा ड्रेस बी तूच घेतलास. तू असलीस की आई तोंड उघडत न्हाय. मला वाटलं एक शालू तिनं निवडावा. एकच. तुझ्यासमोर तिनं निवडला नसता. तू खालनं देवीचं निवडून दिलंस की मग वर ती... मी असं धरलं होतं."

मला काय झालं ते नीट सांगते. राग आला न्हाय. राग येतो तवा मला बरं वाटतं, तोंड चालतं. हे दुसरंच होतं. छातीत कुणीतरी जातं फिरवावं आणि त्यात दाणाच नसावा, तसं कोरडं.

"मला सांगायचं होतंस," म्या म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

"भांडले असते. रडले बी असते. पण तू सांगितलं असतंस, तुझ्या तोंडानं. आत्या, तू नको, असं. तू ते पायऱ्यांना सांगायला लावलंस. मी जन्मभर पायऱ्यांचंच ऐकत आलीया गं. शाळेच्या, बँकेच्या, तहसीलच्या. आता तू बी त्यांच्याकडनं उभी राहिलीस."

तिचे डोळे भरले. म्या पुसले न्हाईत. एरवी पुसले असते.

गादी अंथरून झाली. मंडळी खाली आली, शर्टिंगच्या कपाटांमधी दाटीवाटीनं बसली. सिद्रामप्पांनी मला मधली जागा दाखवली. मी खुर्चीतनं हातांवर उतरले आणि सरकत जाऊन लोडाला टेकले, कुणाचा हात न घेता. देवीचं लुगडं निवडलं. हिरवं, लाल काठाचं, चपलांत पडलं तसलंच, पण नवीन घडीतलं. सिद्रामप्पांनी हळदी-कुंकू आणून माझ्यापुढं ठेवलं, म्या लावलं, बस्ता सुटला.

मग शालू आले. ईरण्णानं डाळिंबी वरच ठेवला होता. माझ्या मनातलाच रंग, जरीचा काठ, अगदी तसाच. त्याच्या खाली तो मोरपंखी. राजेश्वरीनं मोरपंखीवर नुसतं बोट ठेवलं आणि लगेच काढलं. मग नेहमीसारखी मान खाली घालून म्हणाली, "वन्सं, तुम्हीच बघा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वैष्णवी बघत नव्हती. ती आईच्या बोटाकडं बघत होती.

डाळिंबी म्हणायला मला काय लागत होतं? एक शब्द. जागा माझी, मान माझा, दुकान म्या खाली आणलं. एवढं भांडून गादी मिळवली ती काय दुसरीला द्यायला? पण त्या बोटाकडं बघणारी पोरगी मला दिसत होती, आणि मला ठाऊक होतं, मी डाळिंबी म्हटलं तर ती हसून डाळिंबी नेसंल, आणि लग्नभर मला तेच दिसत राहील.

"देवीचं म्या निवडलं," म्या म्हटलं. "पोरीचं तिच्या आईनं निवडावं."

आई हा शब्द असा निघाला की जणू दाढेखालचा खडा. विहीणबाईंना वाटलं बाईला ठसका लागला, त्यांनी पाणी पुढं केलं. राजेश्वरीनं माझ्याकडं बघितलं, वर मान करून, सरळ. मग मोरपंखी उचलून पोरीच्या खांद्यावर टाकला.

शोभला. मेला लई शोभला. न शोभता तर माझं निम्मं दुखणं कमी झालं असतं.

निघताना सोमेशनं दार धरलं. "मावशी, आता तक्रार न्हाय ना?"

"हाय की. दिव्यांगांच्या हापिसात जाणार हाय, तुझ्या लिफ्टची तारीख घेऊन येते. आज देवी होती म्हणून तुझी गादी खाली आली. उद्या माझ्यासारखी एखादी घरात नेसायची साडी घ्यायला येईल, तिच्यासाठी कोण काउंटर सरकवणार?"

सिद्रामप्पा मागनं म्हणाले, "बाई, जरूर जा. ह्याला त्याबिगर जाग येणार न्हाय." सोमेशनं बापाकडं असं बघितलं की मला पहिल्यांदा त्याची दया आली, पण थोडीच.

जीप लोहाऱ्याच्या रस्त्याला लागली. पुढं बलभीम, मागं आम्ही तिघी, मधी वैष्णवी. राजेश्वरी शालूचं खोकं मांडीवर घेऊन झोपली, डोकं पोरीच्या खांद्यावर. माझा खांदा बी रिकामाच होता, पण पोरगी तर दुसरीचं ओझं घेऊन बसलेली.

मग मला एकदम आठवलं. "बलभीम, लग्नाचं कार्यालय कुणी ठरवलं?"

"ढोकीच्या मंडळींनी. का?"

"पायऱ्या हायत का त्याला?"

बलभीमला म्हाईत नव्हतं. त्याला कवा काय म्हाईत असतं? वैष्णवीच बोलली, हळू, आई जागी होऊ नये म्हणून. "न्हाईत, आत्या. उतार हाय. स्टेजला बी. मी बघून आले."

"कवा?"

"दुकान सांगायच्या आधी. त्यांनी दुसरं एक धरलं होतं, त्याला पायऱ्या होत्या. म्या नको म्हटलं."

मी खिडकीबाहेर बघितलं. म्हणजे पोरीनं आधीच मापून ठेवलं होतं, आत्या कुठं पाहिजे आणि कुठं नको. अक्षतांना पाहिजे, शालूला नको. माप बराबर होतं, त्यात चूक काढता येईना, तेच सोसत नव्हतं.

"पुढच्या वेळेला मला आधी सांगायचं," शेवटी म्या म्हटलं. "भांडीन मी. पण तोंडावर सांगायचं."

"व्हय, आत्या." तिनं तिचा हात माझ्या हातावर ठेवला. म्या काढला न्हाय.

"आणि तो मोरपंखी चांगला हाय तुला."

ती हसली. म्या लगेच सांगितलं, "तुझ्या आईला सांगू नको."